गुरुवारची यादी

टीकाकार व्हायला दोनच गोष्टी लागतात असा माझा जुना अनुभव आहे. एक, बसायला बऱ्यापैकी जागा. आणि दोन, ज्याच्याविषयी बोलायचे तो माणूस तिथे हजर नसणे. विषयाचे ज्ञान असले तर वाईट नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. मी स्वतः बी. कॉम. आहे आणि बँकेत काउंटरवर बसतो. आमच्या पदाला हल्ली कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. पगार मात्र जुन्या कारकुनाचाच आहे. एवढ्या भांडवलावर मी आजवर नाटके, अर्थसंकल्प, शेजाऱ्यांच्या सुना आणि भारतीय क्रिकेट संघ या सर्वांची समीक्षा केलेली आहे. तेव्हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर चार शब्द लिहायलाही माझी हरकत नसावी.

खरे सांगायचे तर मला त्या खेळावर लिहायचेच नाही. त्या खेळावर बोलणाऱ्या माणसांवर लिहायचे आहे. खेळ शनिवारी दोन-अडीच तासांत आटपतो. बोलणे आठवडाभर चालते. कुठल्याही समीक्षकाने जिथे माल जास्त तिथे जावे.

२०२५ च्या जून महिन्यात मी ताईकडे मेलबर्नला गेलो होतो. तिकडे जून म्हणजे ऐन थंडी, हे मला भूगोलात शिकवलेले होते. पण मी ते परीक्षेपुरतेच शिकल्यामुळे स्वेटर एकच नेला. त्यामुळे तीन आठवड्यांतला बराचसा वेळ दाजींच्या दिवाणखान्यातल्या हीटरसमोर गेला, आणि त्याच हीटरसमोर दर गुरुवारी संध्याकाळी एक निवड समिती भरत असे. समितीत दाजी, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, आणि शेजारचे एक ग्रीक आजोबा. चौथा सभासद मी. मला मत नव्हते, पण चहा होता.

दाजी मूळचे कराडकडचे. घरचे कुलदैवत पालचा खंडोबा. २०१२ साली ते मेलबर्नला गेले तेव्हा रिचमंड नावाच्या उपनगरात भाड्याच्या खोलीत उतरले. पहिल्याच शनिवारी रस्त्यावर बघतात तो हजारो माणसे अंगावर पिवळे आणि काळे घालून कुठेतरी निघालेली. दाजी म्हणतात, "पाव्हणं, भंडारा आन् घोंगडी! परक्या मुलखात देवानं खूण दावली." ते त्या गर्दीबरोबर चालत गेले आणि जन्माचे रिचमंड क्लबचे झाले. देवाने खूण दाखवली हे खरे, पण क्लबाची तेव्हाची पत तपासून घ्यायला हवी होती, असे माझे बँकेतले मत आहे. रिचमंडने शेवटची प्रीमियरशिप १९८० साली जिंकली होती. त्यानंतर क्लबाची ख्याती अशी की पहिले आठ संघ बाद फेरीत जाणार असतील तर हा नववा येणार. २०१३ साली एकदाचा पाचवा आला, तर बाद फेरीतल्या पहिल्याच सामन्यात कार्लटनकडून हरला. आणि गंमत अशी की कार्लटन त्या वर्षी नववा होता. वरचा एसेंडन संघ बाद फेरीतून काढून टाकल्यामुळे त्याला आत घेतलेले! २०१४ ला आणि २०१५ लाही पहिल्याच सामन्यात घरी. दाजींनी त्या काळात पालला दोनदा नवस बोलून ठेवला होता. खंडोबालाही बहुधा नियम समजावून घ्यायला वेळ लागला असावा.

नियम तसे सोपे आहेत. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण. थोडासा चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. या शेवटच्या कलमाने मी त्या खेळाच्या प्रेमातच पडलो. चुकल्याबद्दल एक गुण देणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. शिवाय हा खेळ क्रिकेटचे एक अपत्य आहे, म्हणजे आपल्या नात्यातलाच. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली एका वर्तमानपत्राला पत्र लिहिले की हिवाळ्यात आपले क्रिकेटवाले सुस्तावतात, त्यांच्यासाठी एखादा फुटबॉल क्लब काढा. पुढच्या वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात, चार-सहा जणांनी बसून नियम लिहिले. वर्तमानपत्राला पत्र लिहून काही घडते याचे हे एवढे एकच उदाहरण मला माहीत आहे. आजही मोठे सामने मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावरच होतात आणि लाख माणूस बसतो.

आता गुरुवार. शनिवार-रविवारच्या सामन्यांचे संघ साधारणपणे गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतात. तेवीस नावे. त्याखाली 'आत' आणि 'बाहेर' अशा दोन ओळी. एखादा खेळाडू बाहेर असेल तर कारणही दिलेले असते. कोणाची मांडी, कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा. या क्लबांच्या पाठीराख्यांना शरीरशास्त्राचे जेवढे ज्ञान असते तेवढे आमच्या साताऱ्यात दोन दवाखाने सोडले तर कोणाला नसेल. दाजींना स्वतःची रक्तातली साखर किती हे ताईला विचारावे लागते, पण रिचमंडच्या कुठल्या खेळाडूची मांडीची शीर कितव्यांदा ताणली हे तोंडपाठ.

कधीकधी कारण म्हणून 'मॅनेज्ड' असे लिहिलेले असते. मी म्हटले, "अरेरे, इथेही?" भाचा म्हणाला, "मामा, मॅनेज्ड म्हणजे त्याला विश्रांती दिलीय. थकू नये म्हणून." मी माझे शब्द मागे घेतले. आपल्याकडे एखादा मॅनेज झाला म्हणजे तो थकत वगैरे नाही, उलट चांगला टवटवीत दिसायला लागतो.

पण खरा चर्चेचा विषय म्हणजे ज्याच्या नावापुढे मांडी, गुडघा, विश्रांती काहीच नसते, नुसतेच 'वगळले'. तिथे समिती गंभीर होते. चहाचे कप खाली ठेवले जातात. आणि मग तो शब्द येतो, ज्यावर या साऱ्या वाङ्मयाचा डोलारा उभा आहे. फॉर्म.

फॉर्म म्हणजे काय? मी तीन गुरुवार कान देऊन ऐकले. ग्रीक आजोबांच्या मते फॉर्म डोळ्यांनी दिसतो. खेळाडू बोगद्यातून धावत मैदानावर येतो ना, त्या पहिल्या वीस पावलांतच कळते. भाच्याच्या मते तो आकड्यांत दिसतो. त्याच्याकडे सगळे आकडे असतात: किती वेळा चेंडू मिळाला, किती वेळा बरोबर दिला, किती जणांना धरून पाडले, किती किलोमीटर धावला. आणि दाजींच्या मते फॉर्म म्हणजे मागच्या शनिवारी शेवटच्या दहा मिनिटांत काय झाले ते. त्याआधीचे त्यांना आठवत नाही, कारण त्या वेळी ते रागावलेले असतात.

आता एक वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मला यात बोलायला जागा दिसली. मी म्हटले, "हे पाहा, तुमचा सगळ्यांचा घोटाळा एकच आहे. फॉर्म म्हणजे नफातोटा पत्रक. चालू वर्षाचे. आणि खेळाडूचा मूळ वकूब म्हणजे ताळेबंद. वर्षानुवर्षांची गंगाजळी त्यात असते. एका तिमाहीत तोटा झाला म्हणून कोणी बँक मोडीत काढत नाही." आजोबांना हे भाचा भाषांतर करून सांगत होता. ते ऐकून घेऊन आजोबा म्हणाले, "पण ज्या बँकेच्या गंगाजळीवर तुम्ही आठ-आठ वर्षं बसून राहता, ती एक दिवस रिकामी निघते." मी गप्प बसलो. ग्रीक माणसाशी बँकांच्या विषयावर वाद घालू नये, एवढे अर्थशास्त्र मला येते.

या आजोबांविषयी थोडे सांगायला हवे. ते तरुणपणी बोटीने आले आणि रिचमंडमध्येच राहिले. त्या भागात तेव्हा ग्रीक वस्ती मोठी होती. १९६७, १९६९, १९७३, १९७४ आणि १९८० या पाचही प्रीमियरशिप त्यांनी पाहिल्या. नंतरची सदतीस वर्षे त्यांनी नुसती टीका पाहिली. त्यांचा देव म्हणजे केव्हिन बार्टलेट. त्याला पाठीराखे प्रेमाने 'हंग्री' म्हणत, कारण एकदा चेंडू हाती आला की तो दुसऱ्याला द्यायची त्याला फारशी घाई नसे. अशा माणसाविषयी दर गुरुवारी काय बोलले जात असेल हे तुम्ही समजू शकता. 'स्वार्थी आहे, म्हातारा झाला, काढा.' १९८० च्या अंतिम सामन्यात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्याने कॉलिंगवूडविरुद्ध सात गोल मारले. रिचमंड ८१ गुणांनी जिंकले. एकूण सामने खेळला ४०३. पुढे १९८८ पासून तोच त्यांचा कोच झाला आणि १९९१ ला त्याच क्लबने त्याला काढून टाकले. त्यानंतर कित्येक वर्षे तो क्लबात फिरकला नाही. आजोबा हे सांगताना डोळे पुसतात असे नाही, पण चष्मा पुसतात.

"आणि त्याला काढा म्हणणारे कोण होते?" मी विचारले.

"आम्हीच की," आजोबा म्हणाले.

असे प्रामाणिक टीकाकार आपल्याकडे विरळा.

दाजी या बाबतीत कमी प्रामाणिक आहेत. २०१६ साली रिचमंड तेरावे आले. कोच डेमियन हार्डविकला घालवा म्हणून शहरभर ओरड झाली. संचालक मंडळालाच आव्हान द्यायला एक गट उभा राहिला. दाजी त्या ओरडीत होते. ताई सांगते की त्या वर्षी ते झोपेतही हार्डविकला राजीनामा द्यायला सांगत. तो टिकला, आणि २०१७ च्या ३० सप्टेंबरला त्याच कोचच्या संघाने ॲडिलेडला ४८ गुणांनी हरवून सदतीस वर्षांचा उपास सोडला. दाजी आता म्हणतात, "माझा त्या माणसावर पहिल्यापास्नं विश्वास." ताई काही बोलत नाही, फक्त पोळी जरा जोरात लाटते.

पुन्हा २०१९. अंतिम सामन्याचा आठवडा. एक खेळाडू खांदा दुखावून बाहेर. त्याच्या जागी कोण? क्लबाने मार्लियन पिकेटचे नाव जाहीर केले. सत्तावीस वर्षांचा माणूस. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला. त्याच वर्षी मधल्या हंगामात क्लबात घेतलेला. आणि पहिल्या संघातून आजवर एकही सामना न खेळलेला. पदार्पणच थेट अंतिम सामन्यात! असे त्याआधी १९५२ साली घडले होते. आदल्या आठवड्यात तो राखीव संघाच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम ठरला होता, पण ते राखीव. दाजींच्या गुरुवारच्या बैठकीत त्या रात्री काय झाले याचे दोन वृत्तान्त उपलब्ध आहेत. दाजींच्या वृत्तान्तानुसार ते म्हणाले, "ह्यो मानूस उद्या नाव काढतोय बघा." भाच्याच्या वृत्तान्तानुसार दाजींनी उशी फेकली. पिकेटने शनिवारी एक गोल मारला, बावीस वेळा चेंडू खेळवला आणि रिचमंडने समोरच्या संघाला ८९ गुणांनी धुतले.

एवढे सगळे होऊनही गुरुवार थांबत नाहीत. थांबावेत तरी का? आम्हीही गावसकरला साठ षटकांत नाबाद ३६ केल्याबद्दल अजून माफ केलेले नाही, आणि त्याला १९७५ पासून पन्नास वर्षे झाली.

ताईच्या घराजवळच्या वाचनालयात मला एक नाटक मिळाले. डेव्हिड विल्यमसन यांचे 'द क्लब'. १९७७ साली मेलबर्नमध्येच पहिल्यांदा रंगमंचावर आले. १९८० साली ब्रूस बेरेसफर्ड यांनी त्यावर चित्रपट काढला. सगळे नाटक एका फुटबॉल क्लबाच्या सभागृहात घडते. मैदान एकदाही दिसत नाही, चेंडू दिसत नाही. सहाच पात्रे आणि सगळे पुरुष. भरपूर पैसे मोजून टास्मानियाहून आणलेला एक खेळाडू आहे, जेफ नावाचा. तो काही केल्या खेळत नाही. फॉर्म गेला, असे सगळे म्हणतात. त्याला स्वतःला विचारावे तर तो सामना चालू असताना आकाशात उडणारा सीगल पाहत उभा होता! मला हे फार आवडले. फॉर्म गेला म्हणजे काय याचे इतके सरळ उत्तर मला तीन गुरुवारांत मिळाले नव्हते. काउंटरवर बसल्या बसल्या मलाही खिडकीबाहेरचा गुलमोहर दिसतो आणि मग एखाद्याचा चेक भलत्याच खात्यात जातो. त्याला साहेब निष्काळजीपणा म्हणतात. तो सीगल असतो.

नाटकात सगळे एकमेकांची मुळे खणत आहेत. कोच, माजी कोच, कारभारी, अध्यक्ष. शेवटच्या भागात एकामागून एक गुपिते ज्या रीतीने बाहेर पडतात ती मला जरा जास्तच बेतलेली वाटली. पत्त्याच्या डावात प्रत्येकाने हुकूम राखून ठेवावा तसे. पण त्यातला अध्यक्ष टेड मला विसरता येत नाही. तो मुळात आपला कट्ट्यावरचा माणूस. स्वतः कधी त्या संघातून खेळलेला नाही, लहानपणापासून नुसता बघत आला. धंद्यात पैसा केला, क्लबावर उधळला आणि एक दिवस थेट अध्यक्षाच्या खुर्चीत. प्रत्येक पाठीराख्याच्या मनातले स्वप्न: मला एकदा त्या खोलीत बसवा, मग बघा संघ कसा निवडतो! तर विल्यमसनने त्याला त्या खोलीत बसवले, आणि त्या खोलीने पहिला बाहेर काढला तो त्यालाच. एका भानगडीवरून वर्तमानपत्रात नाव येते आणि राजीनामा. खेळाडूंना 'वगळले' म्हणता म्हणता स्वतःच यादीतून गेला. हसवत हसवत लिहिले आहे, पण मी ते पान वाचून पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

याचे एक खाजगी कारण आहे.

आमच्या शाखेचा क्रिकेट संघ होता. आंतरबँक स्पर्धेत दरवर्षी उतरायचा आणि दरवर्षी रविवारी दुपारपर्यंत घरी यायचा. मी त्याचा चिटणीस. चिटणीस का, तर मला खेळता येत नव्हते आणि हस्ताक्षर चांगले होते. संघ निवडून यादी नोटीस बोर्डावर लावणे हे माझे काम. आमचे हेड कॅशिअर चौदा वर्षे त्या संघात होते. सलामीला जायचे. शेवटच्या दोन-तीन वर्षांत चेंडू त्यांना दिसत नसे. तो गेल्यावर ते बॅट फिरवीत आणि मग मागे वळून यष्टिरक्षकाला विचारीत. शाखेतल्या तरुण पोरांनी माझ्याकडे लकडा लावला. काढा. आता बस झाले. फॉर्म संपला. मलाही ते पटत होते, त्यातही चहाच्या वेळी जास्त. शेवटी एका गुरुवारी, हो, गुरुवारच होता, मी नवी यादी टाइप न करता मुद्दाम सुवाच्य अक्षरात लिहिली आणि ते कॅश मोजत असताना बोर्डावर लावून जागेवर येऊन बसलो.

चार वाजता कॅश बंद करून ते बोर्डाजवळ गेले. खिशातून चष्मा काढला. वरपासून खालपर्यंत अकरा नावे वाचली, नोटा मोजतात तशी, बोट लावून. मग पुन्हा एकदा वाचली. नोटाही ते दोनदा मोजत. मग खिशातले लाल पेन काढले. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी सातव्या नावातला ऱ्हस्व उकार दीर्घ केला, पेन खिशात ठेवले आणि घरी गेले.

रविवारी ते मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. पाण्याचा जग भरलेला, धावफलकाची वही आखून तयार. दिवसभर त्यांनी गुण लिहिले. बेरीज चुकणे शक्यच नव्हते. आम्ही नेहमीप्रमाणे दुपारी हरलो. माझ्याशी ते नेहमीसारखेच बोलले, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. दुसऱ्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझे भाषण होते. क्रिकेटचा विषय मी काढला नाही.

निर्णय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. आकडे त्यांच्या विरुद्धच होते. पण तेव्हापासून 'काढा त्याला' हे वाक्य मला खणखणीत म्हणता येत नाही, जरा घशात अडते. टीकाकाराला हा मोठाच दोष आहे.

माझा शेवटचा गुरुवार. रिचमंडचे सध्या पुन्हा वाईट दिवस आहेत. २०२४ साली अठरा संघांत अठरावे आले. डस्टिन मार्टिन, ज्याने तीन वेळा अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पदक घेतले, तो त्याच वर्षी थांबला. त्यामुळे २०२५ च्या यादीत कोवळी पोरे भरलेली, आणि वाद असा की या पोरांना असेच मार खाऊ द्यायचे की एखादा जुना जाणता सोबतीला ठेवायचा. आजोबा जुन्याच्या बाजूने, भाचा पोरांच्या. दाजी ज्याचा आवाज खाली जाईल त्याच्या विरुद्ध. यादी आली. वाद सुरू झाला. आजोबांनी तीन खेळाडू वगळले, दाजींनी चार. रिचमंडकडे आता मैदानात उतरायला सोळाच माणसे उरली होती.

तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. तो स्वतः त्यांच्या भागातल्या छोट्या क्लबाकडून अठरा वर्षांखालच्या संघात खेळतो. त्यांचीही यादी गुरुवारीच सरावानंतर येते. त्याने बघितले आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय रे?" दाजी म्हणाले.

"काही नाही."

"मांडी?" दाजींनी आशेने विचारले. मांडी असती तर बरे झाले असते.

"नाही. वगळलं."

समिती एकदम गप्प. हीटरचा आवाज ऐकू यायला लागला. मी या मुलाचे दोन सामने थंडीत कुडकुडत पाहिले होते. दुसऱ्या सामन्यात त्याच्या हातून तीन सोपे झेल सुटले होते. आजोबांनीही पाहिले होते. ज्या तिघांनी पाच मिनिटांपूर्वी सात धंदेवाईक खेळाडूंना घरी बसवले होते, त्यांना एक वाक्य सुचेना. शेवटी आजोबा खाकरून म्हणाले, "तुमच्या कोचला काही कळत नाही."

"नाही आजोबा," भाचा म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. मागच्या तीन मॅचमध्ये माझे टॅकल दोनच आहेत. मी असतो तर मीही काढलं असतं."

दाजी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "दोन कुठं? तीन. पावसातल्या त्या मॅचमधी एक हुता."

"तो धरला नाही मोजत, बाबा. तो निसटला."

"निसटला नंतर. आधी धरला हुतास."

आणि बाप-लेकांचा त्या एका टॅकलवर असा वाद जुंपला की आजोबांनी कप पुन्हा उचलला आणि मीही. पंचांनी शिटी कधी वाजवली, खांदा कुठे होता, चेंडू कोणाच्या हातात होता. दाजींनी टीपॉयवर बिस्किटे मांडून दाखवली. रिचमंडचे कोणाला काही पडले नव्हते. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोन मिनिटे उभी राहून सगळे ऐकले आणि मला म्हणाली, "त्या कोचला रविवारी जेवायला बोलवू का रे? पुरण घालते." तिला सगळे प्रश्न पुरणाने सुटतात असे वाटते, आणि तिच्या आयुष्यात बरेचसे सुटलेही आहेत.

शनिवारी भाचा पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावत होता. मी कुंपणाशी उभा राहून गुण लिहीत होतो. कोणी सांगितले नव्हते. खिशात लाल पेन होते म्हणून लिहिले.

पुढच्या गुरुवारी मी साताऱ्यात काउंटरवर होतो. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली, समोर रांग. फोन ड्रॉवरमध्ये थरथरला. मी रांगेतल्या पहिल्या गृहस्थांना म्हटले, "एक मिनिट हं."

"काय, मॅच आहे का आज?" त्यांनी विचारले.

"मॅच नाही," मी म्हटले, "टीम आहे."